दिलेला हात

१

राजेश्रीचं घर पिंगळी स्टेशनच्या अलीकडे, आणि घरामागे पत्र्याची एक लांबलचक खोली. घरातले तिला दवाखाना म्हणत. तिथे डॉक्टर कधीच नव्हता. होते ते राजेश्रीचे आजोबा, रंगनाथआबा. आबा लकव्याचं औषध द्यायचे. जिंतूरकडून, पूर्णेकडून लोक आपली माणसं जीपमध्ये आडवी घालून आणायचे, आणि आबा त्यांना तेल चोळून या खोलीत चालायला लावायचे. धरायला म्हणून एका भिंतीला कमरेच्या उंचीवर लोखंडी पाइप ठोकलेला होता. आबा गेले, औषध गेलं, पाइप तेवढा राहिला. आता आबांची नात त्या पाइपाला धरून बॅलेचा सराव करत होती. आबांनी हे पाहिलं असतं तर ते हसले असते की कपाळाला हात लावला असता, सांगता येत नाही.

बॅलेची सुरुवातीची सगळी कवायत एका आडव्या दांडीला धरून करतात. तिला बार म्हणतात. पुण्यात मामाकडे राहून कॉलेज करताना राजेश्रीला हे खूळ लागलं. पुढे मामाची बदली झाली, ती डिग्री घेऊन घरी आली, खूळ काही सुटलं नाही. पुण्याच्या अपेक्षा मॅडम तिला अजूनही फोनवरून शिकवत. दुपारची भांडी झाली की राजेश्री दवाखान्याची शहाबादी फरशी ओल्या फडक्याने पुसून काढायची, फोन पाण्याच्या कॅनला टेकवायची आणि पाइपाशी उभी राहायची. कितीतरी पायांनी घासून ती फरशी अशी गुळगुळीत झाली होती की मॅडमनाही हेवा वाटायचा.

मॅडमच्या संस्थेत राहून शिकायची एक जागा होती. वयाच्या अटीत बसायचं राजेश्रीचं हे शेवटचं वर्ष. तिचे वडील बन्सीधर सरळ माणूस. ते म्हणाले होते, "निवड झाली तर मीच तुला सोडायला येतो. न्हाई झाली, तर जिंतूरच्या पाव्हण्यांना हो मनायचं. हाय कबूल?"

राजेश्री कबूल म्हणून बसली होती. घोडं अडलं होतं ते एकाच जागी. परीक्षा फोनवरच व्हायची होती, पण बारशिवाय.

२

"बारपाशी सगळ्याच छान दिसतात," अपेक्षा मॅडम म्हणाल्या. "मधे ये."

मधे म्हणजे खोलीच्या मध्यावर, जिथे धरायला काही नाही. एका पायाची टाच उचलून चवड्यावर उभं राहायचं, दुसरा पाय गुडघ्याशी दुमडायचा, हात बाजूला लांब करायचे आणि तसंच थांबायचं. पाइपाशी हे तिला झोपेतही जमलं असतं. मधे आलं की घोटा लटपटायचा, कंबर कलंडायची आणि बाईसाहेब धप्पकन खाली. रोज तेच. गुडघ्यांवर हिरवेनिळे डाग पडले. एकदा तर तिने रागाच्या भरात स्वतःच्याच पोटरीवर बुक्क्या मारल्या आणि फोनच्या पुढ्यात हमसाहमशी रडली. जिंतूरचे पाहुणे चांगले होते, मुलगा मास्तर होता, त्यात वाईट काहीच नव्हतं. तरी त्या विचाराने तिचा जीव गुदमरायचा.

मॅडमनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "तुझा हात बघ. भीक मागतोय तो. धरा मला कुणीतरी, असं म्हणतोय. उलटं कर. आधार मागू नकोस, दे. शेजारी कुणीतरी उभं आहे, त्याला तुझ्या हाताची गरज आहे, असं समज."

शिकवणाऱ्यांची ही साधी युक्ती. राजेश्रीने डोळे पुसले, टाच उचलली आणि डावा हात बाजूला केला. कोपर थोडं वर, तळवा जरासा उघडा. घ्या, असं ती मनात म्हणालीसुद्धा.

आणि ती उभी राहिली. घोटा हलला नाही, कंबर हलली नाही. पत्र्यावर एक कावळा येऊन बसला, चालला, उडून गेला, तरी ती उभीच. मॅडमनी तिकडे टाळ्या वाजवल्या. राजेश्रीला इतका आनंद झाला की हात खाली घेताना तो जरा उशिरा, जड होऊन खाली आला, याकडे तिने लक्ष दिलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी मॅडमचा आवाज थोडा कडक होता.

"राजेश्री, डाव्या बाजूला काय ठेवलंयस?"

"काही नाही, मॅडम."

"मग हातावर वजन कशाचं आहे? खांदा बघ किती ओढला गेलाय. खुर्ची असेल तर काढ. परीक्षेत चालणार नाही हं."

राजेश्रीने फोन उचलून सगळी खोली फिरवून दाखवली. पत्रा, भिंत, पाइप, उघडं दार, दारातलं ऊन. मॅडमनी पडद्याजवळ येऊन सगळं पाहिलं. मग "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

फडकं उचलायला ती वाकली तेव्हा तिने फरशीकडे पाहिलं. मघाशी पुसलेली फरशी अजून ओलसर होती आणि तिच्या पायांचे ठसे त्यात स्पष्ट उमटले होते. नुसते चवडे आणि बोटं, टाच नाही. त्यांच्या डाव्या अंगाला आणखी एक पाऊल होतं. पूर्ण, टाचेसकट, रुंद. आणि त्याच्या जोडीला दुसरं पाऊल नव्हतं, तिथे एक फराटा होता.

आपलीच टाच टेकली असेल, तिने स्वतःला सांगितलं. फराटा फडक्याचा. तिने आपलं पाऊल त्या पावलावर ठेवून पाहिलं. ते बोटभर मोठं होतं. पाणी पसरतं, ती म्हणाली, आणि फडकं घेऊन सगळं पुसून टाकलं.

पुसताना तिला आवाज आला. टप्. सर्रर्र. जरा थांबून पुन्हा, टप्. सर्रर्र. दुपारी पत्रा तापला की बोलतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण पत्रा वर होता. आवाज खालून येत होता, भिंतीच्या कडेने, पाइपाखालून.

४

तिची आई सुमनबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. राजेश्रीने ताट पुढे केलं आणि सुमनबाईचा हात परातीतच थांबला.

"हे कोणी धरलं तुला?"

मनगटाच्या जरा वर चार लालसर वळ होते आणि खालच्या बाजूला एक.

"कोणी न्हाई. बांगडी रुतली आसंल."

"बांगडी तू कवा घालायलीस?"

तव्यावरची भाकरी करपली. सुमनबाईची भाकरी करपलेली राजेश्रीने तोवर कधी पाहिली नव्हती.

"कुणाला हात दिलास, राजी?"

"नाचात तसा हात करावा लागतो, माय. कुणाला बिनाला न्हाई."

"तितं तसा हात करायचा नसतो गं पोरी." सुमनबाईने तवा उतरवला. "तुझ्या आबाचा एकच नेम व्हता. पेशंटला ज्यानं हात दिला, त्यानं आपून होऊन काढायचा न्हाई. धरणाऱ्यानं सोडायचा. मग दिस लागू दे न्हाईतर महिना. लोक मधीच हात काढून चा प्यायला जायचे अन् मानूस उभ्यानं आपटायचं. मनून नेम."

"पर आता तितं कोण हाय?"

सुमनबाईने निखारे मागे ओढले, मग पुन्हा पुढे केले.

"आबा गेल्यावर बी लोक येतच ऱ्हायले की. लांबून यायचे, त्यांना काय ठावं? दार वाजवायचे. तुझे बाबा आतूनच सांगायचे, बंद झालंय मनून. काय करतील ते तरी, औषिध कुठं येत व्हतं त्यांना? लोक तसंच जीप वळवून माघारी. एखादं तर फाटकापाशीच जीव सोडायचं." तिने परातीतलं पीठ एका बाजूला सारलं. "उद्यापासून घरात नाच. तितं जाऊ नको."

घरात नाचायला जागा कुठे होती? मधल्या खोलीत बाबांची खाट, सोयाबीनची पोती आणि फ्रिज. बाहेर भेगाळलेली काळी जमीन. शाळेचं पटांगण मुरमाचं. परीक्षा परवावर आली होती. राजेश्रीने मान डोलावली, भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी आई शेतात गेल्यावर दवाखान्याची कडी काढली.

५

हात बाजूला करायचाच नाही, असं तिने ठरवलं होतं. हात अंगाशी ठेवून ती चवड्यावर उठली आणि पडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली. गुडघ्याची सालं निघाली. मग तिला सुचलं की डावा नको तर उजवा करू.

तिने उजवा हात लांब केला. डाव्या बाजूला कुणीतरी थबकल्यासारखं झालं. मग टप्, सर्रर्र. तिच्या पाठीमागून. टप्, सर्रर्र. तिच्या वेणीला काहीतरी हलकेच घासून गेलं. आणि उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, पाच थंड बोटं बसली.

तिने हात हिसडला आणि दाराकडे धावली. मागे कुणीतरी पडलं. वस्तू पडते तसा आवाज नव्हता तो. आधी गुडघा, मग कंबर, मग डोकं. एवढं आपटूनही कण्हण्याचा एक शब्द आला नाही, आणि त्यानेच तिच्या काळजात चर्र झालं.

घरात येऊन तिने पाण्याचा तांब्या उचलायला हात पुढे केला. उजवा हात उठला नाही. डावा तिने आधी सावकाश खाली घेतला होता, हा हिसडला होता. चिमटा काढला तर कळला नाही. डाव्या हाताने तिने तो धरून वर केला, सोडला, तो मेल्यासारखा खाली आला. नस दबली असेल. पडले तेव्हा अंगाखाली आला असेल. शास्त्रात याला काहीतरी नाव असणारच. पण परीक्षा उद्या होती, आणि बॅले एका हाताने होत नाही.

ती दवाखान्यात परत गेली, ते धैर्य नव्हतं. दुसरा काही उपायच सुचत नव्हता म्हणून गेली. खोलीच्या मध्यावर उभी राहिली, निर्जीव हात खांद्याने जमेल तेवढा बाहेर ढकलला आणि रडत म्हणाली, "चुकलं माझं. घ्या."

बराच वेळ काही झालं नाही. मग फरशीवरून नुसतं सर्रर्र. या वेळी त्यात टप् नव्हतं. ते जवळ आलं. तिच्या सलवारीची कड ओढली गेली, मग गुडघ्यापाशी कापड मुठीत आवळलं गेलं, मग कमरेपाशी. तिच्या अंगाला धरून कुणीतरी उभं राहत होतं. शेवटी बोटं हातावर येऊन बसली, आणि तिच्या बोटांत मुंग्या आल्या. हात जिवंत झाला. भीतीने तिचे दात वाजत होते आणि तरीही, खरं सांगायचं तर, तिला सुटल्यासारखंही वाटलं होतं. हात हलत होता. परीक्षा देता येणार होती.

६

परीक्षेला पडद्यावर अपेक्षा मॅडम होत्या आणि त्यांच्या शेजारी संस्थेच्या एक म्हाताऱ्या बाई, ज्यांना सगळे घाबरत. राजेश्री मधे येऊन उभी राहिली. हात दिला. वजन आलं.

कसं कुणास ठाऊक, त्या वजनानेच ती स्थिर राहत होती. आपल्याला धरून कुणी उभं असलं की पडायची मुभाच नसते. ती वर उठली, थांबली, सावकाश उतरली. मग तिरपं चालत खोली ओलांडायची होती. तिने एक पाऊल टाकलं, थांबली, शेजारचं पाऊल ओढत येईपर्यंत थांबली, आणि पुढचं टाकलं. म्हाताऱ्या बाई पुढे झुकून बघत होत्या.

फोनच्या कोपऱ्यात तिचं स्वतःचं चित्र दिसत होतं, नखाएवढं. बघायचं नाही असं ठरवूनही तिने बघितलं. तिच्या हातावर एक हात होता. सुरकुतलेला, पालथा, गोंदलेला. त्याच्या मागे लुगड्याचा काठ आणि डोक्यावरून ओढलेला पदर. पदर तिच्या तोंडाकडे वळू लागला तशी राजेश्रीने नजर समोर लावली आणि चालत राहिली.

"हात पाहिलात तिचा?" म्हाताऱ्या बाई मॅडमना म्हणाल्या. "बाकी मुली शोभेसाठी हात करतात. ही खरंच कुणाला तरी नेतेय." मग तिला म्हणाल्या, "सोमवारी सकाळी हजर राहा. जागा तुझी."

राजेश्रीने हात जोडायला हवे होते. डावाच तेवढा वर आला.

७

बन्सीधरने सगळ्या गल्लीत पेढे वाटले आणि शब्दाला जागून रविवारच्या गाडीची तिकिटं काढली. राजेश्रीने रोज दवाखान्यात जाऊन विनवण्या केल्या. "सोडा ना, आजी. मला जायचंय." बोटं सैल होत नव्हती. खोलीबाहेर पडलं की हात लोंबू लागायचा. असा हात घेऊन सोमवारी ती कुठे उभी राहणार होती?

मग तिला एकच वाट दिसली. म्हातारीला चालायला शिकवायचं.

ती शिकवू लागली. घसा बसेपर्यंत बोलत राहायची. "टाच टेका. आता दुसरा पाय उचला. ओढू नका, उचला. माझ्याकडं बगू नका, समोर बगा." सुमनबाई दारात येऊन उभी राहायची, आत पाऊल टाकायची नाही, रागवायचीही नाही. एकदा ती नुसतं म्हणाली, "लुगड्याचा घोळ पायात यायलाय त्यांच्या. वर खोचायला सांग." राजेश्रीने आईकडे पाहिलं आणि सांगितलं.

रोज फरशी पुसली की ओल्यात कळायचं. फराट्याच्या टोकाला आधी अंगठा उमटला. मग पाची बोटं. शनिवारी टाचेचा अर्धा गोल. हातावरचं वजन उतरत चाललं होतं, पण बोटं होती.

रविवारी बन्सीधरने फाटकापाशी मोटारसायकल चालू केली, बॅग टाकीवर ठेवली आणि हॉर्न दिला. राजेश्री खोलीच्या मध्यावर उभी होती. तिचा बांध फुटला. "आजी, पाया पडते. आज न्हाई सोडलं तर माजं समदं गेलं."

बोटं उठली. एकेक करून, सावकाश. भरलेली घागर खाली ठेवल्यावर हात जसा आपोआप वर येतो, तसा तिचा हात वर आला. टप्. टप्. ओली पावलं तिच्यापासून निघाली, दोन्ही पूर्ण, एकापुढे एक, दाराकडे. दारातली सुमनबाई डोक्यावर पदर घेऊन बाजूला सरली आणि तिने वाट दिली. पावलं उंबरा ओलांडून अंगणात गेली आणि उन्हात वाळली.

राजेश्री हसली, रडली. तिने उजव्या हाताची मूठ मिटली, उघडली. सगळं ठीक होतं. तिने ओढणी सावरली आणि दाराकडे वळली.

तेवढ्यात पाइपाच्या कडेला कुणीतरी खोकललं. कुणीतरी सतरंजी ओढून घेतली. बांगड्या वाजल्या, काठी फरशीवर टेकली, नंबर लागायची वाट बघणारी माणसं बसल्या जागी हलतात तशी हालचाल भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. राजेश्रीने दोन्ही हात छातीशी घट्ट आवळले. कुणालाही दिलेले नव्हते ते आता. नेम तिला लागू नव्हता.

"राजी, गाडी चुकंल!" बन्सीधरने बाहेरून हाक मारली.

तिच्या कुडत्याचं टोक ओढलं गेलं, इतकं हलकं की आधी तिला वाटलं, खिळ्यात अडकलं. मग एक लहानशी मूठ चाचपडत वर आली. कोपरापर्यंत ती पोचतच नव्हती. तिथेच, हवेत, वाट बघत थांबली.

"ये," सुमनबाई दारातून म्हणाली. "तू न्हाई दिलास हात. नीघ, माझ्या बाई. मागं बगू नको."

हॉर्न पुन्हा वाजला.

"बाबाला मनावं, बॅग उतरवा," राजेश्री म्हणाली. तिने हात बाजूला केला आणि त्या उंचीला पुरेल इतका खाली आणला.